टकटक बंद झालेली गाडी

गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हाच मिस्त्री गॅरेजच्या बाहेर येऊन उभा होता, हातातल्या फडक्याला बोटं पुसत. फोरमनला बरं वाटलं. फोन करून यायचं ठरवलं की माणसाने अशी वाट बघावी. नाहीतर हल्ली जिकडे जावं तिकडे नुसतं बसून राहा म्हणतात.

फोरमन हे त्याचं नाव नव्हे. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कारखान्यात, मोठाल्या प्रेसवर त्याचं आयुष्य गेलं. शेवटी तो फोरमन होऊन निवृत्त झाला आणि ते नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. शेजारी तेच म्हणायचे, दुकानदार तेच म्हणायचा, बायको चिडली की तीही तेच म्हणायची. आता घरात चिडणारं कुणी राहिलं नव्हतं. ताप उतरत नाही म्हणून तिला दवाखान्यात नेली आणि परत येताना घरी फक्त तिची पिशवी आली. त्याला बरेच महिने झाले होते, पण ती पिशवी अजून दाराच्या मागे तशीच टांगलेली होती.

गाडीचं सगळं तिच्याकडे होतं. तिला गाडी चालवता यायची, चांगली यायची. तेल बदलणं, हवा भरणं, गॅरेजच्या खेपा, हे सगळं ती एकटी उरकून यायची. पण दोघं बरोबर निघाले की स्टिअरिंग त्याचं आणि शेजारची सीट तिची, हा घरातला कायदा होता. त्यामुळे गाडीला कुठे काय घालतात हे त्याला आजवर धड ठाऊक नव्हतं. पोटात पेट्रोल आणि चाकात हवा, एवढं त्याचं ज्ञान.

आज मात्र गाडी एकदम ठाकठीक करून घ्यायची होती. मुलगी दवाखान्यात नर्स होती. जावई जहाजावर, वर्षातला बराच काळ समुद्रात. सोमवारपासून मुलीला सकाळची पाळी लागणार होती आणि नातीला शाळेत सोडायचं काम फोरमनकडे आलं होतं. “बाबा, जमेल ना?” असं मुलीने विचारलं, तेव्हा “न जमायला काय झालं? मी काय म्हातारा झालोय?” असं तो गुरकावला होता. पण आतून जिवात जीव आला होता. बायको गेल्यापासून त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. आता अडणार होतं. नातीची मागची सीट त्याने स्वतः बसवली, पट्टा चार-चारदा ओढून बघितला.

“बोला काका,” मिस्त्री म्हणाला. “काय म्हणतेय गाडी?”

“काही म्हणत नाही, हीच तर तक्रार आहे.”

मिस्त्री हसला. चाळिशीतला, पोट सुटलेला, अखंड बोलणारा माणूस. बोलता बोलता काम करायचा आणि काम करता करता कुठला स्क्रू कुठे ठेवला ते शोधत बसायचा. फोरमनला तो आवडायचा, कारण त्याचा आवाज खर्जातला होता. बाकीची माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, हा तसा नव्हता.

फोरमनने बोटांवर मोजायला सुरुवात केली. “एसी लावला की ओल्या फडक्यासारखा वास येतो.”

“त्याची जाळी कधी बदलली?”

“तीच जाणे.”

“मग आत बाग उगवली असणार. पुढे?”

“सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की डावीकडे ओढते.”

“डाव्या चाकात हवा कमी. बघू. पुढे?”

“सकाळी सुरू केली की मागून पांढरा धूर येतो.”

“थंडीत तुमच्या तोंडातूनसुद्धा येतो. गरम झाल्यावर थांबतो ना? मग तो धूर नाही, वाफ आहे. नाही थांबला तर मात्र लगेच आणा. हे सगळेच विचारतात, काका. अर्धी माणसं वाफेला घाबरून येतात आणि अर्धी खरा धूर निघत असताना गावभर हिंडतात.”

“आता मुख्य,” फोरमन म्हणाला. “इंडिकेटरची टकटक बंद पडलीय. बाण लागतो, दिवा लागतो, आवाज नाही. रिव्हर्सला जो वाजायचा तोही गेला. तिच्यामागे एकदाही वाजला नाही, बघा. म्हणजे बिघाड तेव्हापासूनचा.”

“ते तुम्ही फोनवर इतक्या ठासून सांगितलंत, की मी न बघताच टकटक करणारा नवा रिले मागवून ठेवलाय.” मिस्त्रीने फळीवरची लहानशी डबी दाखवली. “पण दोन्ही एकदम कसे गेले? उंदराने वायर खाल्ली असेल. बरं, आणि ब्रेकचं?”

“ब्रेकला काय झालं?”

मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलं. “काका, चेष्टा करताय?”

“चांगले लागतात की.”

“लागतात हो. पण ओरडतात किती! मी आत एका गाडीखाली आडवा होतो. कोपऱ्यावर तुम्ही ब्रेक मारलात आणि मी समजलो, काका आले. गेले काही दिवस तुम्ही बाजारात जाताना या रस्त्याने जाता ना? समोरचा शिंपी म्हणतो, त्या गाडीवाल्याला कुणीतरी सांगा रे, कापड फाटल्यासारखं काळीज फाटतं.”

फोरमनला राग आला. गॅरेजवाले कामं काढतात हे त्याने ऐकलं होतं, पण हा तसा वाटला नव्हता. “गाडीच्या काचा बंद असतात,” तो म्हणाला. “आत एसी चालू असतो.”

“असेल,” मिस्त्री म्हणाला आणि जॅक लावायला खाली बसला.

चाक निघालं. मिस्त्रीने ब्रेकचा पॅड काढून फोरमनच्या तळहातावर ठेवला. वरचा मसाला संपून खालचा पत्रा उघडा पडला होता. पॅडच्या कडेला पत्र्याची एक वाकडी पट्टी होती. “ही मुद्दामच ठेवलेली असते,” मिस्त्री म्हणाला. “पॅड संपत आला की ही चाकतीला घासते आणि किंचाळते. मालकाला कळावं म्हणून. तुमची किंचाळून किंचाळून झिजलीय बिचारी.”

फोरमन वाकला. चाकतीवर गोल गोल चरे पडले होते, नख अडकेल एवढे खोल.  मिस्त्रीच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. लोखंड लोखंडावर घासून असे चरे पडतात तेव्हा कसला आवाज होतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचं उभं आयुष्य त्या आवाजाच्या धास्तीत गेलं होतं. मशीनमधून असा आवाज आला की सगळी लाईन धावत यायची. आणि ही गाडी त्याच्या पायाखाली कित्येक दिवस तसं ओरडत होती आणि तो शांतपणे भाजी घेऊन घरी येत होता.

“काचा बंद असतात,” तो पुन्हा म्हणाला. पण या वेळी त्याने ते स्वतःला सांगितलं.

मिस्त्रीने नवे पॅड घातले, चाकती बदलली, हवा भरली. एसीची जाळी काढली तर तीत खरोखरच वाळलेली पानं आणि कसल्याशा पाखराची पिसं निघाली. फोरमन स्टुलावर बसून होता. मिस्त्री बोलत होता, तो मान हलवत होता, पण लक्ष तळहातावरच्या काळ्या डागाकडे होतं.

“चला,” मिस्त्री म्हणाला. “बसा आत आणि जरा मागे घ्या. मी मागे उभा राहतो. तुमचा रिव्हर्सचा आवाज खरंच गेलाय की वायर सैल आहे, बघू.”

फोरमन बसला. रिव्हर्स टाकला. क्लच हळूहळू सोडला. गाडी मागे सरकू लागली. आत शांतता होती. गेले कित्येक महिने असायची तशीच. आरशात मिस्त्री दिसत होता, हात हलवत होता. चांगलं येताय, या या, असं तो म्हणतोय असं फोरमनला वाटलं. तो येत राहिला.

धड् धड्.

त्याचा पाय ब्रेकवर पडला. विचार करून नाही, आपोआप. हिसका बसून इंजिन बंद पडलं. कारखान्यात प्रेस चालू असताना माणसाचा आवाज पोचायचाच नाही. म्हणून तिथे सगळे पान्याने मशीनच्या सांगाड्यावर ठोकून बोलायचे. एक ठोका म्हणजे इकडे बघ. दोन म्हणजे थांब, आहेस तिथे थांब. सावकाश ठोके म्हणजे चालू राहू दे, घाईचे ठोके म्हणजे आता पुरे. नव्या माणसाला आधी हे शिकवत, मग मशीन. ती भाषा फोरमनच्या हाडात गेली होती. घरी त्याने बायकोलाही शिकवली होती, लग्नानंतर लगेच, गंमत म्हणून. मग जन्मभर ती जेवायला हाक मारायचीच नाही. जिन्याच्या कठड्यावर आमटीचा डाव ठोकायची. एक ठोका. इकडे बघ.

आत्ताचे दोन ठोके मिस्त्रीचे होते. डिकीवर, दोन्ही मुठींनी. फोरमन उतरून मागे गेला तेव्हा मिस्त्री गाडी आणि कामाचं टेबल यांच्यामध्ये अडकून उभा होता. लागलं नव्हतं. पण अंगठाभर जागा राहिली होती आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. 

“मारताय का मला, काका?” तो शेवटी म्हणाला.

“वाजला कुठे?”

“अहो, कोकलतोय तो! अजून कोकलतोय!”

फोरमनने गाडीकडे बघितलं. हवेच्या कंप्रेसरची घरघर येत होती. बाकी काही नाही.

मिस्त्री कडेने बाहेर निघाला. त्याने गाडी पुढे घेतली, बंद केली. मग हवेचा कंप्रेसर बंद केला, भिंतीवरचा पंखा बंद केला, दाराचं शटर अर्ध्यावर ओढलं. तो काय करतोय ते फोरमनला कळलं आणि पळून जावंसं वाटलं. पण तो परत स्टिअरिंगमागे जाऊन बसला. मिस्त्री उघड्या दाराशी उकिडवा झाला, हात आत घालून त्याने किल्ली फिरवली आणि इंडिकेटरची दांडी खाली केली. हिरवा बाण लुकलुकायला लागला.

“ऐका.”

“काय ऐकू?”

मिस्त्री हसला, कारण त्याला अजून ती चेष्टाच वाटत होती. मग त्याने फोरमनच्या डोळ्यांकडे बघितलं आणि त्याचं हसू विरून गेलं.  त्याने फोरमनचा हात धरला आणि त्याची बोटं स्टिअरिंगखालच्या काळ्या प्लास्टिकवर दाबली.

आत काहीतरी ठोके देत होतं. बारीक, नियमित. हिरवा बाण लागला की एक, विझला की एक. बोटांना स्वच्छ कळत होतं. मशीनला ताप आलाय की थंडी वाजतेय हे बोटांनी ओळखणारा माणूस तो. बोटांना कळत होतं आणि कानाला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

त्याने हात काढून घेतला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला.

“कधीपासून?” मिस्त्री हलकेच म्हणाला.

“नाही,” फोरमन म्हणाला. “तुझं काहीतरी चुकतंय. मी ऐकलाय तो. गाडी घेतल्यापासून ऐकतोय. ती जाईपर्यंत रोज ऐकलाय. असा भरल्या आवाजाचा होता, टक, टक, टक. मी लोकांना सांगायचो, नव्या गाड्यांना असला इंडिकेटर नाही. आणि रिव्हर्सचाही ऐकलाय. आधी सावकाश, मग भिंत जवळ आली की घाईघाईने.”

मिस्त्रीने दांडी सरळ केली. बाण विझला.

“आणि तूच तर दुरुस्त केलास,” फोरमन म्हणाला. त्याला एकदम आधार सापडल्यासारखं झालं. “जुनी गाडी विकून ही घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, हिचा इंडिकेटर वाजत नाही. ती म्हणाली, उद्या मिस्त्रीला दाखवते. दुसऱ्या दिवशी दाखवून आली आणि त्या संध्याकाळपासून तो वाजायला लागला. विचार कर. आठव.”

“मी?” मिस्त्री म्हणाला. “काका, या गाडीच्या इंडिकेटरला मी आजतागायत हात लावलेला नाही.”

“मग त्या दिवशी काय केलंस?”

मिस्त्रीने कपाळ खाजवलं. कपाळावर काळा पट्टा उमटला. “काकू आल्या होत्या खऱ्या. मला म्हणाल्या, इंडिकेटर लाव. मी लावला. वाजत होता चांगला. मी म्हटलं, काही बिघाड नाही. त्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या आणि तो आवाज ऐकत राहिल्या. बराच वेळ. बोटाने ताल धरून. मग म्हणाल्या, आता रिव्हर्स टाक. तोही ऐकला. मला वाटलं, नवी गाडी आहे, हौस असते एकेकाला. नंतर म्हणाल्या, ठीक आहे, झालं काम. आणि गेल्या.”

गॅरेजमध्ये आवाज नव्हता. निदान फोरमनला तरी ऐकू येत नव्हता.

त्याने मान वळवून शेजारच्या सीटकडे बघितलं. ती गेल्यापासून त्या सीटवर तो फक्त भाजीची पिशवी ठेवायचा. बसल्या बसल्या त्याने डावा हात पलीकडे नेला. दोन सीटच्या मध्ये, हँडब्रेकच्या बाजूला, प्लास्टिकचा लांबट खोका होता. वरून तो नव्यासारखा दिसत होता. त्याची बोटं खोक्याच्या पलीकडच्या अंगाला गेली, तिच्या बाजूला, जिथे चालवणाऱ्याची नजर पोचत नाही. तिथे प्लास्टिक खडबडीत होतं. त्याने वाकून बघितलं. रुपयाएवढ्या जागेत बारीक बारीक पोचे पडले होते. एकावर एक, एकावर एक, इतके की मधला भाग पांढरा पडून खोल गेला होता.

तिची अंगठी आता मुलगी घालायची. साधी धातूची, बिनखड्याची. मुलीने घातली तेव्हा ती एका अंगाला चपटी झालेली होती. आईने भांडी घासताना काढली नसेल कधी, असं मुलगी म्हणाली होती आणि त्याने हो म्हटलं होतं.

भांडी घासून धातू असा चपटा होत नाही. हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं, धातूचं काम ज्याने जन्मभर केलं त्याला.

फोरमनने बोटाच्या पेराने त्या खळग्यावर ठोकलं. पोकळ खोक्यातून आवाज आला. टक. भरल्या आवाजाचा. तोच.

 तो तसाच वाकून बसून राहिला. तो इंडिकेटर लावायचा आणि ती ठोकायला लागायची. तो बंद करायचा आणि ती थांबायची. समोर बघत, गप्पा मारत, मुलीच्या लग्नाचं बोलत, शेजारणीची चहाडी करत. एकदाही चुकली नाही. तो गाडी मागे घ्यायचा आणि ती मान मागे वळवून बघायची. त्याला वाटायचं, हिचा आपल्यावर विश्वास नाही. आणि तेव्हा तिचा हात खाली ठोके देत असायचा. आधी सावकाश. मग घाईचे. शेवटी दोन. थांब.

कारखान्यात प्रेसच्या धडधडीने आधी बारीक, किनरे आवाज ऐकू येईनासे होत, जड तेवढे उरत. ज्याचे कान असे जायचे त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगच्या टेबलावर बसवत. बहिऱ्यांचं टेबल म्हणत त्याला. तिथे बसलेल्या माणसाच्या पाठीमागे लोक त्याच्याबद्दलच बोलत आणि तो हसत राही. फोरमनला आयुष्यात भीती वाटली ती त्या टेबलाची. एकदा तो तिला म्हणाला होता, मला तिथे बसवलं तर मी दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पडणार नाही. ती म्हणाली होती, कोण बसवतंय तुम्हाला? एवढंच. ते बोलणं तो विसरूनही गेला होता.

“काका, पाणी?” मिस्त्री म्हणाला. फोरमनने मानेनेच नको म्हटलं.

“त्या खळग्याचं काय करायचं?” मिस्त्रीने त्याच्या खांद्यावरून वाकून बघत विचारलं, कारण त्याला काहीतरी बोलायलाच हवं होतं. “नवं झाकण मिळतं याचं. बदलून देतो.”

“हात लावू नकोस,” फोरमन म्हणाला.

मुलगी आली तेव्हा शटर अजून अर्धवटच होतं. ती वाकून आत शिरली. गाडी घेऊन दोघांनी मिळून शाळेचा रस्ता एकदा बघून यायचा, असं ठरलं होतं. फोरमन स्टुलावर बसला होता. ती काहीतरी म्हणाली. त्याने तिच्या ओठांकडे बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण हल्ली सगळ्यांच्याच ओठांकडे बघतो.

“परत बोल,” तो म्हणाला.

“झाली का गाडी, म्हटलं.”

“गाडी ठीक आहे. ती बिघडलीच नव्हती. माझे कान गेलेत.”

मुलीने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री डबीतला न लागलेला रिले बोटांत फिरवत होता. त्याने सगळं सांगितलं, ब्रेकपासून. आपण कसे चिरडता चिरडता वाचलो तेही सांगितलं आणि मग सांगायला नको होतं असं वाटून गप्प झाला. फोरमनने मुलीचा हात धरून तिला गाडीशी नेलं, खोक्याचं पलीकडचं अंग दाखवलं आणि तिच्या बोटातली अंगठी तिथे टेकवली. चपटी बाजू खळग्यात बसली.

मुलगी मटकन सीटवर बसली. 

“मला वाटायचं,” ती म्हणाली, मग तिला आठवलं आणि तोंड त्याच्याकडे करून पुन्हा म्हणाली, “मला वाटायचं, तुम्ही आईशिवाय कुणाचं ऐकूनच घेत नाही. फोनवर मी काही विचारलं की तुम्ही हो हो म्हणता आणि फोन तिच्याकडे देता. मी कितीदा रागावले. आई म्हणायची, त्यांच्याशी समोर येऊन बोल आणि आवाज जड करून बोल. मी म्हटलं, का? तर म्हणाली, फोरमनशी बोलायची रीत असते ती.”

“ती स्वतःही जड आवाजात बोलायची,” तो म्हणाला. “मला वाटायचं, वय झालं म्हणून आवाज बसला.”

“तो काय बसला होता, बाबा? माझ्याशी नेहमीच्याच आवाजात बोलायची.”

हे त्याला नवीन होतं. म्हणजे बायकोचा खरा आवाज त्याने शेवटची काही वर्षं ऐकलाच नव्हता. घरात एक आवाज होता, तो फक्त त्याच्यासाठी केलेला होता. त्याने गाडीच्या टपावर हात टेकला आणि तसाच उभा राहिला. मुलीला वाटलं तो पडतोय, ती उठली.

“सोमवारी मी पोरीला गाडीतून नेणार नाही,” तो म्हणाला.

“बाबा, ते आपण नंतर बघू.”

“नंतर नाही. मागच्या सीटवरून तिने हाक मारली तर मला ऐकू येणार नाही. मिस्त्री मोठा माणूस आहे, त्याने डिकी बडवली. ती काय बडवणार?” त्याने मागच्या काचेतून नातीच्या सीटकडे बघितलं. “बसने नेईन. तिचा हात धरून. आजोबा थांबा, असं तिला म्हणायचं असेल तर हात ओढेल. तू मला कान तपासायला घेऊन चल. यंत्र लावायचं म्हणाले तर लावू. मग गाडीचं बघू, ती मला परत द्यायची का ते.”

“तुम्ही यंत्र लावाल?”

“आई काय म्हणाली असती?”

“म्हणाली असती, कोण बसवतंय तुम्हाला टेबलावर?” मुलगी म्हणाली. म्हणजे हे बोलणं मुलीलाही माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, असं त्याला वाटलं, आणि त्याचा त्याला राग आला नाही.

घरी परतताना गाडी मुलीने चालवली. फोरमन शेजारच्या सीटवर बसला, पहिल्यांदाच. सीट बरीच पुढे ओढलेली होती, त्याचे गुडघे समोर टेकत होते. मागे करायचा खटका कुठे असतो हे त्याला माहीत होतं. त्याने तो ओढला नाही.

मुलगी बोलत होती. रस्त्याकडे बघत बोलत होती, त्यामुळे त्याला त्यातलं फारसं कळत नव्हतं. मध्येच ती डोळे पुसत होती. एका बसला वळसा घालून तिने गाडी परत आपल्या बाजूला घेतली. इंडिकेटर तसाच राहिला. हिरवा बाण लुकलुकत होता आणि ती बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं.

फोरमनचा उजवा हात दोन सीटच्या मधे खाली पडलेला होता. बोटं आपोआप त्या खळग्यापाशी गेली. त्याने बाणाकडे बघितलं आणि बोटाच्या पेराने ठोकायला सुरुवात केली. बाण लागला की एक. विझला की एक.

मुलीने बोलता बोलता, न बघताच, दांडी सरळ केली. बाण विझला. फोरमनने हात थांबवला.

ती पुढे बोलत राहिली. तिला काही कळलं नव्हतं. त्याने हात तिथून काढला नाही, पुढचं वळण येईपर्यंत.